दोन ३०९० आणि अंबाजोगाईची लाईट

अंबाजोगाईच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. तो घरूनच ब्लेंडर या सॉफ्टवेअरवर थ्रीडीचं काम करतो. रायझन ९ ५९५०एक्स, ६४ जीबी रॅम आणि जुन्या बाजारातून घेतलेली दोन आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्डं, असं मशीन. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, ८५० वॅटचा, गोल्ड. एका कार्डावर मशीन दिवसभर चालतं. दुसरं लावून रेंडर (तयार थ्रीडी दृश्याचं चित्र काढायचं काम) टाकलं की पाच-दहा मिनिटांत खटकन बंद. दुकानदार म्हणतो १००० चा घे. मित्र म्हणतो घरातला जुना ५५० चा सोबत जोडून दे. व्हिडिओवाले म्हणतात १६०० च्या खाली बघूच नको. घरात ११०० व्हीएचा इन्व्हर्टर आहे. "काका, नेमका किती वॅटचा घेऊ? आणि जुना ८५० विकू का?"

काका म्हणालास, म्हणून अरेतुरे करतो. परभणीत बावीस वर्षं मशीनं जोडतोय आणि त्याहून जास्त उघडतोय. तुझं उत्तर एका ओळीत हवं असेल तर १२०० वॅटचा, एटीएक्स ३.० किंवा ३.१ या नव्या नियमाचा, चांगल्या कंपनीचा घे. पण तो घेऊन तू तुझ्या भिंतीतल्या बोर्डाला जोडणार आहेस. आपल्याकडे खरी गंमत त्या बोर्डामागे असते. दोन कार्डांचं मशीन पुण्यात आणि अंबाजोगाईत एकच असलं तरी त्याच्या पोटात जाणारी लाईट एक नसते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नवीन काहीही घेण्यापूर्वी फुकटातली एक तपासणी कर. मशीन खरंच एसएमपीएसमुळे पडतंय का, हे पक्कं करायचं. दोन्ही कार्डांची पॉवर लिमिट, म्हणजे वीज घ्यायची कमाल मर्यादा, २५० वॅटवर आण. विंडोजमध्ये आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रामने स्लायडर खाली ओढ. लिनक्सवर असशील तर एनव्हिडिया-एसएमआयच्या कमांडमध्ये 'पीएल'पुढे २५० लिही. मग तेच रेंडर पुन्हा टाक. तासभर टिकलं तर दोष बहुतेक एसएमपीएसकडे. तरीही दहा मिनिटांत पडलं तर कार्डांचं तापमान बघ. ३०९० ला एक खोड आहे. तिच्या २४ जीबी मेमरीच्या निम्म्या चिप कार्डाच्या पाठीवर असतात, आणि दोन कार्डं एकावर एक लावली की खालच्या कार्डाची ती तापलेली पाठ वरच्या कार्डाच्या पंख्यांच्या बरोबर तोंडाशी येते. वरचं कार्ड मग गरम हवाच ओढत बसतं.

बंद पडायची पद्धतही बघून ठेव. कार्ड तापलं तर ते आधी संथ होतं, चित्र अडकतं, कधी ड्रायव्हर कोसळल्याचा मेसेज येतो. एसएमपीएसने हात वर केले तर काही पूर्वसूचना नसते. पंखे, दिवे, सगळं एका क्षणात शांत. आणि बऱ्याचदा समोरचं बटण दाबूनही मशीन उठत नाही. मागचा काळा स्विच बंद करून, थोडं थांबून पुन्हा लावावा लागतो. 'खटकन' हा तुझा शब्द वाचूनच माझा संशय एसएमपीएसवर गेला.

आता हिशोब. एका ३०९० चं रेटिंग ३५० वॅट. दोनचे झाले ७००. ५९५०एक्सवर १०५ वॅट लिहिलेलं असतं, पण पूर्ण भारावर तो १४२ पर्यंत घेतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ७०-८० धर. बेरीज ९२० च्या आसपास. म्हणजे ८५० चा एसएमपीएस सरासरीनेच ओलांडला गेला, त्यात त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही. उलट दहा मिनिटं ओढलं त्याने, याचं मला कौतुक वाटतं.

मग १००० चा का नको, असं तुझा दुकानदार विचारेल. ९२० तर त्यात बसतात! बसतात, पण सरासरीत. कार्ड काही नळासारखं एका धारेने वीज घेत नाही. झटके मारत घेतं. ३०९० ची पिढी, म्हणजे २०२० साली आलेली कार्डं, या झटक्यांसाठी बदनामच आहे. एका मिलिसेकंदापेक्षा कमी वेळात एकटं कार्ड ५०० वॅटच्या वर उसळी मारतं. घरातल्या मीटरला ती कळतही नाही, पण एसएमपीएसमधल्या संरक्षक सर्किटला कळते आणि ते शॉर्ट झालं असं समजून सप्लाय तोडतं. दोन कार्डांच्या उसळ्या एका क्षणी जुळल्या की झालं. दहा मिनिटं चालून मग पडतं ते यामुळेच. तो योग जुळायला तेवढा वेळ लागतो.

या झटक्यांमुळेच २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हा नियम आला. त्याप्रमाणे बनवलेल्या मोठ्या एसएमपीएसने स्वतःच्या रेटिंगच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद तरी झेलला पाहिजे. म्हणून जुन्या धाटणीचा १२०० आणि नव्या नियमाचा १२०० यांत फरक आहे. डब्यावर ३.० किंवा ३.१ लिहिलंय का, हे वॅटच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं.

पण इथे एक खाचखळगा आहे. नव्या एसएमपीएसमध्ये सोळा पिनांची नवी केबल देतात आणि तिच्यापायी जुन्या आठ पिनांच्या केबल्स कमी करतात. तुझी ३०९० कुठल्या कंपनीची आहे त्यावर तिला आठ पिनांचे दोन किंवा तीन प्लग लागतील. तीन-तीनची असतील तर सहा केबल्स झाल्या. १२०० वॅटचा देखणा डबा आणायचा आणि घरी आल्यावर आठ पिनांच्या चारच केबल्स निघायच्या, असं दोघा-तिघांचं झालेलं मी पाहिलंय. दुकानात पहिला प्रश्न हाच विचार: "आठ पिनांच्या स्वतंत्र केबल्स किती?" वॅट त्यानंतर.

'स्वतंत्र' म्हटलं ते का, सांगतो. काही केबलींना एका टोकाला एक प्लग आणि दुसऱ्या टोकाला दोन प्लग असतात, शेपटीला शेपटी जोडल्यासारखे. आठ पिनांच्या प्लगला १५० वॅटची मान्यता आहे. त्यात १२ व्होल्टच्या तारा तीन. म्हणजे १५० वॅटला साडेबारा अँपिअर, तारेगणिक चारच्या आसपास. ठीक. आता शेपटीवाल्या केबलवर दोन्ही प्लग लावून ३०० वॅट ओढले, तर तेवढ्याच तीन तारांतून पंचवीस अँपिअर जाणार. तारेगणिक आठाच्या वर. सुरुवातीला काही होत नाही. सहा महिन्यांनी एसएमपीएसकडच्या बाजूचा प्लग काढायला गेलं की तो निघत नाही, कारण आतलं प्लास्टिक मऊ होऊन पिनेला धरून बसलेलं असतं. मागच्या उन्हाळ्यात असाच एक प्लग मी पकडीने ओढून काढला. आतल्या दोन पिना चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या, आणि वास अजून नाकात आहे. कार्डावरच्या प्रत्येक प्लगला एक स्वतंत्र केबल. यात तडजोड करायची नाही.

जुन्या ८५० च्या केबल्स नव्या एसएमपीएसला लावायच्या नाहीत, हेही इथेच सांगतो. हा धडा मी माझ्या पैशाने शिकलोय. एका आर्किटेक्टचं मशीन होतं. कॅबिनेटमध्ये केबल्स इतक्या सुबक बांधलेल्या होत्या की सोडवायचं जिवावर आलं. म्हटलं, दोन्ही मॉड्युलर (केबल्स सुट्या निघणारे) आहेत, प्लगही सारखेच दिसतायत, नुसता डबा बदलू. प्लग बसले मजेत. बटण दाबलं आणि दोन हार्डडिस्कमधून अगदी बारीक 'टक' असा आवाज आला. संपलं. केबलच्या डिस्ककडच्या टोकाला नियम आहे, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठली पिन कशाची, हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. जिथे पाच व्होल्ट जायला हवे तिथे बारा गेले. डिस्क भरून दिल्या, पण आतल्या ड्रॉइंगचं काय? महिनाभर त्या माणसाच्या गल्लीतून जायचं टाळत होतो.

मित्राने सुचवलेला जुना ५५० चा जोड? नको. असं करतात लोक, त्यासाठी दोन एसएमपीएस एकत्र सुरू करणारी छोटी पट्टीही मिळते. क्रिप्टोच्या मायनिंगवाल्यांनी, म्हणजे डिजिटल चलन कमवायला ढीगभर कार्डं रात्रंदिवस चालवणाऱ्यांनी, हे सर्रास केलं. पण कार्ड वीज दोन ठिकाणांहून घेतं. ७५ वॅटपर्यंत मदरबोर्डाच्या स्लॉटमधून आणि बाकीची वरच्या प्लगमधून. दोन डबे म्हटल्यावर एकाच कार्डाच्या अंगात दोन वेगळ्या ठिकाणची वीज खेळणार. एक आधी पेटला, दुसरा मागाहून. किंवा एक ट्रिप झाला आणि दुसरा तसाच चालू राहिला, तर काय होईल याची हमी कोण देणार? मायनिंगवाल्याचं एक कार्ड गेलं तर त्याच्याकडे आणखी अकरा असायची. तुझ्याकडे दोन आहेत.

मायनिंगवरून आठवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग बंद झालं आणि बाजारात जुनी ३०९० कार्डं आली, तसे जुने मोठे एसएमपीएसही आले. तुझी कार्डं त्यातलीच असतील कदाचित. कार्ड जुनं घेतलंस, चालेल. थर्मल पॅड (चिपची उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदलून, धूळ काढून ते चालतं. एसएमपीएस जुना घेऊ नकोस. वर्ष-दोन वर्षं चोवीस तास तापत राहिलेल्या कपॅसिटरचं आयुष्य बाहेरून दिसत नाही, आणि तो जाताना एकटा जाईलच असं नाही. नवीन घे, पक्कं बिल घे, डब्यावरचा सिरियल नंबर बिलावर लिहून घे. चांगल्या मॉडेलांना दहा वर्षांची वॉरंटी असते, पण वॉरंटीत गेला तर बहुतेक वेळा तो पुण्या-मुंबईकडे कुरिअर करावा लागेल आणि तेवढे दिवस तुझं मशीन बसून राहील. दुकानदार बदली तात्पुरता देतो का, हे घेतानाच ठरवून घे.

लेबल कसं वाचायचं तेही बघून ठेव, कारण 'ब्रँडेड आहे साहेब' या वाक्याला बाजारात काही अर्थ राहिलेला नाही. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टच्या खाली अँपिअर लिहिलेले असतात. त्याला बाराने गुण. खऱ्या १२०० वॅटवाल्याला तिथे १०० अँपिअर किंवा अगदी त्याच्या जवळ आकडा असतो. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या स्वस्तातल्या ४५० वॅटच्या डब्यांवर तिथे १८ अँपिअर लिहिलेलं मी पाहिलंय. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट! बाकीचे वॅट कुठे गेले, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक.

गोल्ड-प्लॅटिनमबद्दल फार डोकं लावू नकोस. तो कार्यक्षमतेचा शिक्का आहे, तब्येतीचा नाही. गोल्ड म्हणजे निम्म्या भारावर भिंतीतून घेतलेल्या विजेतली साधारण ९० टक्के पुढे जाते, उरलेली उष्णता होते. गोल्ड पुरे.

१६०० वॅटचा घेतलास तर वाईट काही नाही, पैसे जास्त जातील एवढंच. त्याची वायरही वेगळी असते. नेहमीची संगणकाची वायर दहा अँपिअरची. मोठ्या एसएमपीएसना मागे चपट्या पिनांचं जाड सॉकेट असतं, सोळा अँपिअरचं. ऐन वेळी ती वायर जळाली किंवा हरवली तर अंबाजोगाईत शोधत फिरावं लागेल. उद्या दोन ४०९० टाकायचा विचार असेल, म्हणजे ४५० वॅटचं एकेक, तेव्हा १६०० चं बोलू.

आता बोर्डाकडे, म्हणजे भिंतीतल्या बोर्डाकडे. पूर्ण भारावर तुझं मशीन भिंतीतून हजाराच्या थोडं वर वॅट घेईल. २३० व्होल्टला ते साडेचार अँपिअरच्या आसपास. पण उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे कूलर आणि मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज किती उरतं? कमी दाबाच्या लाईनवर सहा टक्के वर-खाली मान्य आहे, म्हणजे २१६ च्या खाली जाऊ नये. खेड्याकडे १७० मी स्वतः मोजलेत. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्याला १७० चं काही वाटत नाही. तो फक्त तेवढेच वॅट मिळवायला अँपिअर वाढवतो. १७० ला सहा अँपिअर झाले. म्हणजे तुझा नेहमीचा सहा अँपिअरचा पॉइंट काठोकाठ भरला, आणि त्याच बोर्डावर मॉनिटर, स्पीकर, मोबाईलचा चार्जर वगैरे असणारच. एक्स्टेन्शन बोर्ड तर विसरूनच जा. मुख्य डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून) एक वेगळी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि सोळा अँपिअरचा पॉइंट वायरमनकडून काढून घे. एसएमपीएसच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

अर्थिंग. यावर मी ग्राहकांचं डोकं खातो, तुझंही खाणार. मशीन चालू असताना कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, आणि दोघंही अर्थला जोडलेले. अर्थ तुटलेला असला की कॅबिनेट मधल्या मध्ये ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतं. करंट अगदी थोडा असतो, माणूस मरत नाही, पण कार्डात एचडीएमआयची केबल खुपसताना ठिणगी उडते ती हीच. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेव आणि तीन रीडिंग घे. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी आली पाहिजेत आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरं अगदी शून्य आलं तर मात्र खूश होऊ नकोस, वायरमनला विचार. काही जण न्यूट्रललाच अर्थच्या पिनेत वळवून देतात. मीटर छान दिसतं, पण उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला तर तुझं कॅबिनेटच फेज होईल.

आपल्या काळ्या जमिनीत अर्थिंगचा आणखी एक ताप आहे. पावसाळ्यात ही माती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात. मग खड्ड्यातल्या पाइपला माती चिकटून राहत नाही. डिसेंबरात दीड व्होल्ट दाखवणारा पॉइंट मे महिन्यात बारा दाखवतो. मीठ-कोळसा भरलेला खड्डा असेल तर उन्हाळाभर त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं. माझ्या दुकानामागच्या खड्ड्याला मी कॅलेंडरवर खूण करून पाणी घालतो, बायको त्याला तुळस म्हणते.

आणि न्यूट्रल जाणं. कमी व्होल्टेजची सगळे तक्रार करतात, पण मशीन मारतं ते जास्त व्होल्टेज. तीन फेजच्या लाईनवर दोन फेजांमध्ये ४०० व्होल्ट असतात. डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी सिरीजमध्ये लागतात. ज्याच्या घरी भार कमी, त्याच्याकडे व्होल्टेज चढतं. आमच्या गल्लीत जूनच्या पहिल्या वाऱ्यात हे झालं. मी दुकानात होतो. ट्यूबलाइट अचानक पांढरीफटक झाली, पंखा सुसाट. मीटरची टोकं बोर्डात घातली तर ३१० आणि वर सरकतंय! धावत जाऊन मेन पाडला. तोवर काउंटरवरच्या एका मशीनमधून फटाक्यासारखा आवाज आलाच होता. एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर ४०० ते ४५० व्होल्टचा असतो आणि ३१० एसीचं टोक ४३८ ला जातं, तेव्हा तो काय करणार? गल्लीत त्या दिवशी सात टीव्ही गेले.

यावर इलाज आहे, आणि तो स्टॅबिलायझर नाही. रिलेवाला स्टॅबिलायझर एवढ्या उसळीला वेळेवर पोचत नाही, आणि कमी व्होल्टेज तुझा एसएमपीएस स्वतःच सांभाळतो. एमसीबीशेजारी पट्टीवर बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर घे. वरची मर्यादा २६५-२७०, खालची १७०. मर्यादेबाहेर गेलं की सप्लाय तोडतो आणि सगळं स्थिर झाल्यावर काही वेळ थांबून परत जोडतो. थांबण्याची वेळ दोन-तीन मिनिटं ठेव. लाईट परत येते तेव्हा दोनदा लुकलुकून येते, तो काळ टळतो.

इन्व्हर्टरचं सांगतो. तुझा ११०० व्हीएचा इन्व्हर्टर प्रत्यक्षात आठ-नऊशे वॅट देईल. मशीन हजार मागतंय. लाईट जाताच तो ओव्हरलोड होऊन शिट्टी मारेल आणि घरातले पंखेही घेऊन बसेल. समजा मोठा घेतलास, तरी १२ व्होल्टच्या एका १५० अँपिअर-अवर बॅटरीतून हजार वॅट म्हणजे शंभराच्या आसपास अँपिअर. त्या वेगाने ती तासभरही टिकत नाही आणि बॅटरीची दोन वर्षांत काशी होते. शिवाय बदलायला लागणारा वेळ. एसएमपीएसच्या पोटात पूर्ण भारावर बारा-सतरा मिलिसेकंदांची शिदोरी असते. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असेल तर दहाच्या आसपास मिलिसेकंदांत बदलतो, चालतं. साध्या मोडवर तीस-चाळीस लागू शकतात, तेवढ्यात मशीन रिस्टार्ट. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर एसएमपीएसला अजिबात लावू नकोस, आत येणारी वीज सांभाळणाऱ्या त्यातल्या पीएफसी सर्किटशी त्याचं जमत नाही.

यूपीएस घ्यायचाच तर २ केव्हीएचा, प्युअर साइन वेव्हचा, आणि तोही काम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता. सहाशे व्हीएचे दुकानात मिळतात ते ३६० वॅटचे, ते तुझ्या मॉनिटरला आणि राउटरला शोभतील. पण खरं सांगू? त्याआधी कामाची पद्धत बदल. ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन थेट व्हिडिओ फाइलमध्ये रेंडर करत असशील तर थांबव. फ्रेमगणिक वेगळी इमेज सेव्ह होऊ दे आणि शेवटी जोड. मग लाईट गेली तर एक फ्रेम जाते, बाकीच्या डिस्कवर सुरक्षित. एआयचं काही शिकवायला घेतलंस तर दर थोड्या वेळाने चेकपॉइंट, म्हणजे तोवरचं काम, सेव्ह कर. हा यूपीएस फुकट आहे.

उन्हाचं थोडं. हजार वॅट भिंतीतून घेतले की ते सगळे शेवटी खोलीत उष्णता म्हणून उतरतात, हजार वॅटचा हीटर लावल्यासारखे. एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे तुझं मशीनच त्याचा पाव भाग खाणार. मे महिन्यात बाहेर ४२-४३ असताना कॅबिनेटच्या आत पन्नास सहज होतात. एसएमपीएसचं रेटिंग कुठल्या तापमानाला दिलंय ते बघ. काहींचं ४० अंशांना असतं, चांगल्यांचं ५० ला. ४० वाला १२०० मे महिन्यात आपल्याकडे १२०० राहत नाही. कूलर लावत असशील तर त्याचा झोत थेट मशीनवर येऊ देऊ नकोस. बोअरच्या जड पाण्याचे तुषार कार्डांवर बसून वाळले की पांढरी भुकटी राहते, ती ब्रशने निघत नाही. आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवू नकोस, एसएमपीएस खालून हवा ओढतो. जिनिंगच्या मोसमात आमच्याकडे जाळीवर कापसाचा असा थर बसतो की वात वळावी.

म्हणून नवा एसएमपीएस आला तरी कार्डांची लिमिट २८० वर ठेव, असं माझं मत. माझ्याकडच्या मशीनवर २८० ला रेंडरचा वेळ पाच-सात टक्क्यांनी वाढला, आणि दोन कार्डांचे मिळून १४० वॅट वाचले. उसळ्याही नरमल्या. लिनक्सवर ही मर्यादा रिस्टार्टनंतर पुसली जाते, सुरुवातीलाच आपोआप लागेल अशी सोय कर. बिलाचंही बघ. ९०० वॅट रोज आठ तास धरले तर दिवसाला सात युनिटच्या वर, महिन्याला २१६. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. तुझ्या घरचं आधीचं दीडशे असेल तर मशीन तुला तीनशेच्या पार नेणार, आणि वरच्या युनिटचा दर चढा.

मदरबोर्डाबद्दल एकच. दोन्ही कार्डं स्लॉटमधून जी वीज घेतात ती चोवीस पिनांच्या मोठ्या प्लगमधल्या फक्त दोन पिवळ्या तारांतून येते. काही बोर्डांवर स्लॉटजवळ जादा पॉवरचा प्लग दिलेला असतो, लोक तो शोभेचा समजून रिकामा ठेवतात. असेल तर लाव. रायझर केबल (स्लॉट आणि कार्ड यांना जोडणारी लांब पट्टी) वापरून एक कार्ड लांब ठेवणार असशील आणि त्या रायझरला वेगळी पॉवर लागत असेल, तर ती साटाच्या, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या, प्लगवरून देऊ नकोस. साटाचा प्लग ५४ वॅटचा, स्लॉटची मागणी ७५ पर्यंत. मायनिंगच्या काळात जळालेले प्लग बहुतेक तेच होते.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, जुना ८५० विकू का. विकू नकोस. तो बिघडलेला नाही, त्याच्यावर जास्त ओझं टाकलं गेलं. एका कार्डाच्या मशीनला तो आरामात पुरतो. त्याच्या सगळ्या केबल्स त्याच्याच डब्यात घाल, वर स्केचपेनने '८५०' लिही, आणि डबा नव्याच्या केबल्सपासून लांबच्या कपाटात ठेव.